माचीचं मागलं टोक

शीवान,
८ एप्रिल १९७४

लिंगयुन पोरी,

यंदा छिंगमिंगला कबरी झाडायला तू आली नाहीस. अभ्यास आहे असं तुझी आई म्हणाली. पूर्वज काही बोलले नाहीत, तुझा बाप मात्र बोलला. कबरीवरचं गवत उपटताना तो एकेका मुळाला विचारत होता, "मुलीनं पूल बांधायला शिकून करायचं काय?" गवताकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, पण माझ्या हातात विळा होता, आणि विळा हातात असताना थोरल्या भावाशी वाद घालू नये.

आता कामाचं. मी चहाच्या दुकानामागे नदीवर बसायला लाकडी माची बांधते आहे. गेल्या वर्षी नावांच्या शर्यतीच्या दिवशी काय झालं ते तुला ठाऊक आहेच. अख्खं गाव माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी लोटलं आणि कुणीतरी मोहरीच्या पाल्याच्या लोणच्यात पाय घातला. कुणाचा पाय ते अजून कळलेलं नाही, लोणचं मात्र मी ओतून दिलं. नावा वळतात त्या माझ्या दुकानामागेच. म्हणून यंदा चांद्र वर्षाच्या पाचव्या महिन्याच्या पंचमीला लोकांनी माचीवर बसून चहा प्यावा, पानात बांधलेले भाताचे झोंगझी खावेत आणि आरामात शर्यत बघावी.

सुतार वरच्या वाडीचा पेंग आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी कीलुंगला दिली आहे. तो काम चांगलं करतो, पण बोलतो असा की माशातून काटे काढत बसल्यासारखा. लांब तुळया मागे माझ्या जोत्याच्या दगडावर टेकल्या आहेत, पुढे नदीतल्या खांबांवर. खांबांच्याही पुढे त्या पाण्यावर निघतात. तू शिकतेस ते हेच ना? "माची उत्तम आहे" एवढं लिहून पाठव. ते पत्र मी भिंतीला लावीन.

तुझी आत्या,
सानमेइ

&nbsp;

ताइनान,
१६ एप्रिल १९७४

प्रिय आत्या,

नमस्कार. इथे सगळं छान चाललं आहे. अभ्यासही छान चालला आहे.

न बघता "उत्तम आहे" असं कसं लिहू? आधी मला एवढं कळव. जोत्यापासून खांब किती फुटांवर आहेत? खांबांच्या पुढे तुळई किती फूट जाते? आणि मागे तुळया जोत्याला बांधल्या आहेत की नुसत्या टेकल्या आहेत?

तुला वाटेल, ही काय चौकशी. पण आमचा या सहामाहीचा सगळा विषय हाच आहे. तुळईवर वजन आलं की ती टेकूला खाली दाबते, आणि टेकू तिला तेवढ्याच जोरानं वर ढकलतो. त्या वर ढकलण्याला प्रतिक्रिया म्हणतात. दोन टेकू असतील तर कुणी किती ढकलायचं ते वजन कुठे ठेवलंय यावर ठरतं. ज्याच्या जवळ वजन, त्याला जास्त काम. दोघांची कामं आधी काढायची, मग लाकूड किती जाड घ्यायचं ते बघायचं.

आमच्या वर्गात मी एकटी मुलगी आहे. सर प्रश्न विचारताना माझ्यावरून नजर अशी पुढे नेतात की जणू तिथे खुर्चीच नाही. ते असो. मापं पाठव.

तुझी,
लिंगयुन

&nbsp;

शीवान,
२४ एप्रिल १९७४

लिंगयुन,

जोत्यापासून खांब नऊ फूट, खांबापुढे पाच फूट. मागे तुळया नुसत्या टेकल्या आहेत. मापं घ्यायला मी फूटपट्टी मागितली तेव्हा पेंग मिस्त्रीनं विचारलं, "कशाला?"

मी म्हटलं, "माझी भाची कॉलेजात शिकते, तिला हवीत."

त्यानं रंधा खाली ठेवला आणि म्हणाला, "भाची माझ्या तुळया तपासणार?"

"तपासणार कुठली, कौतुक करणार."

"मग मापं कशाला? कौतुक मापाशिवाय होतं."

बघ, कधी नव्हे तो माणूस दोन वाक्यं सलग बोलला. दुपारचं जेवण आता तो माझ्याकडेच घेतो. भलतंसलतं समजू नकोस. उपाशी माणसाची करवत वाकडी चालते. लोणच्याचं सूप त्याला आवडतं, दोन वाट्या घेतो, आणि वाटी स्वतः धुऊन ठेवतो. तुझ्या आतोबांनी, देव त्यांना सुखात ठेवो, हयातीत वाटी धुतली नव्हती.

ते प्रतिक्रियेचं मला काही पटलं नाही. माझं जोतं माझ्या सासऱ्यांच्या वेळचं आहे. ते कुणाला ढकलेल असं वाटत नाही.

पत्र लवकर पाठव. भिंतीवर खिळा ठोकून ठेवला आहे.

आत्या

&nbsp;

ताइनान,
२ मे १९७४

प्रिय आत्या,

तो खिळा काढ. आणि हे पत्र लक्ष देऊन वाच.

मी काल टेबलावर तुझी माची करून बघितली. लाकडी पट्टी घेतली, एका टोकाखाली एक खोडरबर, मध्याच्या थोडं पुढे दुसरं. पट्टीवर सगळीकडे सारखे मूगडाळीचे लाडू मांडले. पट्टी शांत. मग एकेक लाडू उचलून पुढच्या टोकाशी नेला. काही लाडू गेल्यावर मागलं टोक खोडरबरावरून उठलं आणि सगळे लाडू माझ्या मैत्रिणीच्या मांडीवर गेले.

तुझ्या माचीवर टेबलं पसरून लोक चहा पीत बसले असतील तेव्हा काही होणार नाही. पण नावा वळणावर आल्या की कोण बसून राहील? सगळे कठड्याशी धावतील. कठडा खांबांच्या पाच फूट पुढे आहे. लाकडाचं वजन अंदाजानं धरून मी हिशेब केला. आठ-दहा माणसं एकदम कठड्याशी गेली की मागल्या टोकाचं जोत्यावरचं वजन संपतं. त्याहून जास्त गेली की मागलं टोक उचललं जातं. आणि कठड्याशी वीस माणसं सहज मावतात. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरम किटल्या, सगळ्यांसकट.

पटत नसेल तर असं कर. तुळई आणि जोत्याचा दगड यांच्या फटीत कागद सरकव. एरवी तो ओढून निघणार नाही, कारण तुळई दाबून बसली आहे. मग पुढे कठड्याशी एकेक माणूस उभा कर. ज्या क्षणी कागद सहज निघेल, तिथे जोत्याचं काम संपलं असं समज. त्या वेळी माचीचं आणि माणसांचं सगळं वजन एकटे खांब घेतात. त्यानंतर मागलं टोक कुणी धरून ठेवलं तर खांबांवर त्याहूनही जास्त येतं. तेव्हा खांबांखालचे दगडही बघून घे.

एक गोष्ट रागानं लिहिते आहे, पण लिहिते. खांब काठाच्या इतक्या जवळ कुणी घेतं का? दोन फूट पुढे घेतले असते तर ही भीती जवळजवळ राहिली नसती. तुझ्या त्या मिस्त्रीला एक तर कळत नाही, नाहीतर पाण्यात उतरायचा आळस आहे. लोणच्याचं सूप पिऊन करवत सरळ चालत असेल, डोकं चालत नाही. दुसरा सुतार बघ.

तुझी,
लिंगयुन

&nbsp;

ताइनान,
२० मे १९७४

प्रिय आत्या,

तुझं उत्तर नाही. मी बाहेर गेले की खानावळीच्या बाकाकडे बघते, पुलाकडे बघते, आणि सगळीकडे मला मागलं टोक उठताना दिसतं. कागद सरकवून पाहिलास का? नुसतं हो किंवा नाही लिही.

लिंगयुन

&nbsp;

शीवान,
२४ मे १९७४

कुमारी लो लिंगयुन यांस,

पेंग सुताराचा नमस्कार. आपली ओळख नाही. तरी लिहितो, कारण आपल्या आत्या लिहीत नाहीत.

आपलं पत्र त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. कौतुक असेल असं त्यांना वाटलं होतं. "डोकं चालत नाही" इथे आल्यावर त्या थांबल्या, पण तोवर वाचून झालं होतं. मी हत्यारं तिथेच टाकून घरी गेलो. त्या आपल्यावर रागावल्या आहेत. म्हणतात, या सुताराची माफी मागेपर्यंत आपल्याला पत्र नाही.

घरी मला झोप लागेना. कागदाचं डोक्यातून जाईना. तेव्हा परत आलो. वल्हेकऱ्यांची टोळी सरावाला आली होती, त्यांना चहाच्या बोलीवर बोलावलं. आत्यांनी देवापुढचा पिवळा कागद आणला. तो फटीत सरकवून मी ओढला, फाटला. दुसरा सरकवला. मग एकेका गड्याला कठड्याशी उभं केलं. आठवा उभा राहिला तेव्हा कागद जरा हलला. नववा आला, आणि कागद लोण्यातून सुरी निघावी तसा माझ्या हातात आला. दहाव्याला मी जाऊ दिलं नाही.

तुळया वजनदार आहेत, कुठे जातात, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. मागं टोक असतं हे मी बघत होतो, त्याला धरावं लागेल हे बघत नव्हतो. तेव्हा माफी मागू नका. उपाय सांगा. खांबांखालचे दगड मी पाण्यात उतरून हातानं चाचपले आहेत, ते खडकावर आहेत.

खांब दोन फूट आत आले त्याला कारण आहे. ते माझं नाही, म्हणून मी सांगत नाही.

पेंग

&nbsp;

ताइनान,
३० मे १९७४

पेंग मिस्त्री आणि आत्या, दोघांस,

मिस्त्री, तुम्ही नको म्हटलंत तरी माफी मागते. तुमच्याविषयी जे लिहिलं ते न बघता लिहिलं. आणि दहाव्याला जाऊ दिलं नाहीत, त्याबद्दल धन्यवाद.

उपाय सोपा आहे. मागच्या टोकाला आता नुसता वर ढकलणारा टेकू पुरणार नाही, खाली ओढून धरणाराही हवा. प्रत्येक तुळईच्या मागच्या टोकावरून जाड लोखंडी पट्टी घ्या आणि ती खाली जोत्यात नीट बांधा. वरच्या दगडात नको, तो एकटाच उचलला जाईल. दोन थर खाली जाऊन मोठ्या दगडाच्या बुडाखालून अडकवा. कागद आता निघाला तरी चालेल, तुळई निघता कामा नये. सोबत चित्र काढून दिलं आहे. पट्टीची जाडी तिथे लिहिली आहे, हिशेबापेक्षा दुप्पट धरली आहे.

आणि आता आत्या, तुझ्यासाठी. अभ्यास छान चालला आहे असं लिहिलं ते खोटं होतं. याच विषयात मी पहिल्या परीक्षेत नापास झाले. हे घरी कुणाला माहीत नाही. चूक काय होत होती ती मला तुझ्या माचीमुळे कळली. टेकूचा बाण मी नेहमी वर काढायची. उत्तर उणे आलं की वाटायचं, माझाच हिशेब चुकला, आणि मी ती उण्याची रेघ खोडून टाकायची. तुझ्या जोत्याचं उत्तर उणे आलं तेव्हाही मी खोडणार होते. पण मांडीवर पडलेले लाडू आठवले. उणे म्हणजे चूक नव्हती. टेकूनं उलट्या बाजूनं धरायला हवं, एवढंच ते सांगत होतं.

फेरपरीक्षा शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी आहे, त्यामुळे मला येता येणार नाही. पट्ट्या बसल्या की कळवा. त्याआधी माचीवर कुणाला चढू देऊ नका.

आणि मिस्त्री, ते कारण माझ्या आत्याचं असणार एवढं मला कळलं.

लिंगयुन

&nbsp;

शीवान,
२६ जून १९७४

लिंगयुन,

हो, कारण माझं होतं. खांब पुढे घेतले असते तर ते नेमके माझ्या कपडे धुण्याच्या दगडावर आले असते. आम्ही सगळ्याजणी तिथे सकाळी बसतो. अर्ध्या गावाच्या बातम्या तिथेच धुतल्या जातात. मी पेंगला म्हटलं, खांब आत घ्या. तो म्हणाला, "बरं." नाही म्हणायला काय झालं होतं? मी तसं विचारलं. तर म्हणाला, "तुम्ही पहिल्यांदा काही मागितलंत."

तू नापास झालीस तर मला आधी सांगायचं. मी शिव्या दिल्या असत्या आणि खाऊ पाठवला असता. आता दोन्ही एकदम पाठवते.

शर्यतीचं ऐक. लोहारानं पट्ट्या आदल्या दिवशी दिल्या. पेंग आणि त्याचा मेहुणा जोत्यात शिरून दिवसभर खपले, उपटलेल्या कांद्यासारखे मातीनं मळले. मग वल्हेकरी परत बोलावले. नववा गेला, कागद निघाला. दहावा, बारावा, पंधरावा. कागद निघालाच होता, पण तुळई जागची हलली नाही. माझ्या हाताखाली पट्टी ताठ झालेली कळत होती, वीणेच्या तारेसारखी. पेंग म्हणाला, "आता गाव येऊ दे."

गाव आलं. तुझा बापही आला. कठड्याशी जागा नव्हती, म्हणून मागे पट्टीशेजारीच स्टूल घेऊन बसला, तोंड कडू करून. "हे लोखंड कशाला?" त्यानं विचारलं.

"तुझ्या मुलीनं लावायला सांगितलं."

"कशाला?"

"बघशील."

दुसऱ्या फेरीत आपली लाल नाव आणि खालच्या गावाची हिरवी, दोन्ही वळणावर बरोबरीनं आल्या. ढोल सुरू झाला, आणि तुझ्या बापाशिवाय माचीवर एक माणूस बसून राहिला नाही. सगळे कठड्याशी. वीस नव्हे, त्याहून जास्त असावेत. मला मोजायची शुद्ध नव्हती. लाकूड करकरलं. तुझा बाप खाली बघत होता. तुळईच्या बुडाखालून त्याला उजेडाची रेघ दिसली, केसाएवढी. त्यानं हात पट्टीवर ठेवला आणि तसाच ठेवून बसला. नाव जिंकली की हरली ते त्यानं पाहिलंच नाही. (जिंकली. खालच्या गावाचे लोक म्हणतात पंच आपला होता. होताच.)

सगळे उठून गेले तरी तो हात काढेना. मी म्हटलं, "दादा, सोड आता, ती पट्टी आपली आपण धरते."

पुढचं लिहायला मला दोन कप चहा लागला. लोक गेल्यावर पेंग झोंगझीची पानं गोळा करत होता. पानं टोपलीत टाकता टाकता म्हणाला, "माची झाली. पट्ट्या बसल्या. उद्यापासून यायला मला निमित्त उरलं नाही."

मी टेबल पुसत राहिले.

"निमित्ताशिवाय आलो तर चालेल का? नुसतं उद्यापुरतं नाही. नेहमीसाठी विचारतो आहे."

मी म्हटलं, "चालेल. पण जेवणाच्या आधी यायचं, नंतर भांडी असतात."

इतका वेळ तुझा बाप तिथेच स्टुलावर आहे हे आम्ही दोघंही विसरलो होतो. तो उठला. मी वाढून ठेवलेलं ताट तसंच राहिलं, आणि तो निघून गेला. चहावाल्याची विधवा या वयात सुताराबरोबर, ते ऐकवायला त्याला गावात लोक कमी नाहीत. मी लग्न करणार आहे, लिंगयुन. पण दादानं तोंड फिरवलं तर ते माझ्यानं निभेल की नाही, मला सांगता येत नाही. आई गेल्यावर मला त्यानंच पाठीवर घेऊन वाढवलं.

परीक्षा कशी झाली?

आत्या

&nbsp;

ताइनान,
३ जुलै १९७४

प्रिय आत्या,

परीक्षा पास झाले. पहिल्याच प्रश्नात उणे उत्तर आलं आणि मी ते तसंच ठेवलं. सरांनी वही परत देताना माझ्याकडे बघितलं. खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असतं हे त्यांना दिसलं असावं.

पण खरी बातमी दुसरीच आहे. आज सकाळी वसतिगृहाच्या दारात बाबा उभे. हातात आईनं दिलेली टोपली, अंगात तोच लग्नकार्याचा कोट, एवढ्या उन्हात. मला वाटलं घरी कुणी गेलं. बाकावर बसले, टोपली माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "त्या पट्टीचं मला समजावून सांग."

मी कागदावर तुझी माची काढली. जोतं काढलं, खांब काढले, बाण काढले. ते प्रत्येक बाणावर बोट ठेवून विचारत होते, "हा कुणाचा?" पुढे माणसं काढली तेव्हा म्हणाले, "इथे मी बसलो होतो," आणि मागच्या टोकाशी नखानं खूण केली. सगळं सांगून झालं तरी कागदाकडेच बघत होते. मग म्हणाले, "तू लिहिलं नसतंस तर?"

मी म्हटलं, "मी लिहिलं तरी काय, बाबा. मी तर त्या माणसाला बिनडोक म्हटलं होतं. तो ऐकून घरी गेला, रात्री झोपला नाही, आणि परत येऊन त्यानं करून बघितलं. त्यानं ऐकलं नसतं तर माझं पत्र आत्याच्या चुलीत गेलं असतं."

त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. शेवटी म्हणाले, "सुतार मी खूप पाहिले. पोरीनं दाखवलेली चूक मान्य करून रात्री न झोपणारा पाहिला नव्हता." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मीही तसा नाही."

मी विचारलं, पत्र पोस्टात टाकू का. म्हणाले, मीच नेतो. म्हणजे ते तुझ्या दारात येतील, पत्र हातात देतील आणि तिथेच उभे राहतील. तेव्हा त्यांना आधी चहा दे. खाली त्यांनी दोन ओळी लिहिल्या आहेत. मला वाचू दिल्या नाहीत, कागद दुमडून धरला होता.

तुझी,
लिंगयुन

सानमेइ, त्या दिवशी वाढलेल्या ताटावरून उठलो, ते चुकलं. रविवारी पेंगना घेऊन घरी जेवायला ये. कोंबडा मी स्वतः कापीन, आणि कोण येणार आहे ते बाजारात मीच सगळ्यांना सांगून येईन.
— दादा